सर्व मापे चाळीसपट

अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात, तळमजल्यावरच्या खोली क्रमांक सातमध्ये, एका मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता वाळू उकळली. त्यासाठी कोणत्याही सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती. पुढे जे काही झाले त्याची सुरुवात या गलथानपणात आहे.

वाळू उकळवणाऱ्या इसमाचे नाव शेखर गावंडे, हुद्दा सहायक प्राध्यापक, तासिका तत्त्वावर. या तत्त्वानुसार माणूस जेवढे तास शिकवतो तेवढेच तास प्राध्यापक असतो. उरलेल्या वेळात शेखर हा राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर राहणारा भाडेकरू होता. हे तत्त्व त्याला लागू होऊन अकरा वर्षे झाली होती. दुसऱ्या एखाद्याने एव्हाना नाद सोडला असता. शेखरने उष्णता सोसणाऱ्या काचेची एक नळी मिळवली, दहा सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर उंच, आणि सुट्टीचे सगळे दिवस तिच्यापायी घातले.

नळीच्या तळाला बारीक भोकांची जाळी, जाळीवर वीतभर वाळू आणि खालून ब्लोअरची गरम हवा. हवा बेताची सोडली की वाळूचा दाणा न दाणा उचलला जाई, पण उडून जात नसे. तिथल्या तिथे खदखदत राही, चुलीवर आंबील ठेवल्यासारखा. त्या खदखदणाऱ्या वाळूत पऱ्हाटीचा, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणाऱ्या वाळक्या काड्यांचा, भुसा टाकला की बघता बघता त्याचा गॅस होई आणि वरच्या तोटीला वीतभर ज्योत लागे. धूर नाही, काजळी नाही. या यंत्राला फ्लुइडाइज्ड बेड रिॲक्टर म्हणतात. प्रयोगशाळेचा शिपाई देवमन त्याला ‘उकळी’ म्हणे. वाळूत कुठे गुठळी झालीच तर देवमन हातातल्या लाकडी पट्टीने नळीला हळूच एक ठोका देई आणि गुठळी सुटे. शेखर प्रामाणिक असल्यामुळे त्याने अहवालात या ठोक्याचीही नोंद केली.

पहिली ज्योत लागली त्या दिवशी त्याने पातूरजवळच्या बोरखेडीला आईला फोन लावला. दुर्गाबाईंचे वय पासष्ट, त्यातली पन्नास वर्षे चुलीपुढे गेलेली. घरात सिलिंडर होते. ते वेळेवर येत नसल्यामुळे त्यावर पापडाचा डबा ठेवलेला असे. फोनवर त्यांचे अर्धे बोलणे खोकल्यात जाई.

“माय, पऱ्हाटीचा गॅस झाला. दोन वर्षांत तुह्या घरी नळीनं गॅस येते, पाहजो तू.”

“येऊ दे बापा,” दुर्गाबाई म्हणाल्या. “पन तवरोक सयपाक करू ना?”

शेखरला हसू आले. पण शब्द दिला तो दिला, आणि तो त्याने मनापासून दिला होता.

अहवाल चौदा पानांचा होता. शेवटचे वाक्य असे: ‘हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करता येईल, मात्र त्याआधी मध्यम आकाराचे यंत्र करून पाहणे अत्यावश्यक आहे.’ अहवाल अकोल्याच्या विभागीय प्रमाणवाढ कक्षात पोहोचला. लहान गोष्टी मोठ्या करणे हे या कक्षाचे काम. तिथे त्यावर एक पानी टिपणी तयार झाली आणि तिच्यात ‘मात्र’च्या पुढचा मजकूर विस्तारभयास्तव वगळण्यात आला.

कक्षाचे उपसंचालक मनोज ताथोड हे वाईट गृहस्थ मुळीच नव्हते. वेळेवर येत, कोणाकडून चहासुद्धा घेत नसत, शेरा मोत्यासारख्या अक्षरात लिहीत. असा माणूस समोर असला की भांडायला जागाच राहत नाही.

“अभिनंदन, गावंडे सर,” पहिल्याच बैठकीत ते म्हणाले. “आता हे मोठं करायचं.”

“साहेब, आधी अर्ध्या मीटरचं करून पाहू,” शेखर म्हणाला. “भांडं रुंद झालं की हवेचे बुडबुडे मोठे होतात. मग हवा त्या बुडबुड्यांतून सरळ वर निघून जाते, वाळूले शिवतच नाही. नळीत जमलं ते मोठ्या भांड्यात जमेलच असं नाही.”

ताथोड साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. “आमच्याकडे खर्चाची दोनच शीर्षं आहेत, सर. प्रयोगशाळा आणि उद्योग. मधलं शीर्ष नाही.”

“मग?”

“मग मधलं भांडं नाही.”

किती पट मोठे करायचे, हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. शाळेत एका शिक्षकामागे चाळीस विद्यार्थी असा आकडा कोणत्याशा जुन्या परिपत्रकात मंजूर होता. नव्या आकड्याला नवी मंजुरी लागली असती. तेव्हा चाळीसपट ठरले.

पंधरवडाभर काही कळले नाही. मग एका संध्याकाळी कक्षातल्या कनिष्ठ लिपिक हर्षा मॅडमचा फोन आला. “सर, जाहीर सूचना लावली हाये. हरकतीची मुदत उद्या संपते. तुमी एकदा येऊन पाहून जा ना.”

“लावली कुठं?”

“वॉटर कूलरच्या मांगं. फलकाची जागा तीच हाये.”

शेखर सकाळच्या एसटीने अकोल्याला गेला, कूलर आणि भिंत यांच्या फटीत डोके घातले आणि मोबाइलच्या उजेडात सूचना वाचली. ‘सर्व मापे चाळीसपट करण्यात येत आहेत. हरकती असल्यास पंधरा दिवसांत सादर कराव्यात. मुदतीत हरकत न आल्यास सर्व संबंधितांची संमती गृहीत धरण्यात येईल.’ खाली अनुसूची होती. नळीची रुंदी दहा सेंटिमीटर, प्रस्तावित चार मीटर. उंची एक मीटर, प्रस्तावित चाळीस मीटर. इथपर्यंत त्याने मान डोलावली. पुढची ओळ वाळूची होती. वाळूचा दाणा अर्धा मिलिमीटर, प्रस्तावित वीस मिलिमीटर.

वीस मिलिमीटरच्या दाण्याला जगात सगळीकडे गिट्टी म्हणतात. अनुसूचीत तिचे नाव वाळूच होते, कारण मंजुरी वाळूला होती.

पुढेही सगळे त्याच शिस्तीत होते. जाळीचे भोक पाव मिलिमीटर, प्रस्तावित दहा. पऱ्हाटीच्या भुशाचा कण एक मिलिमीटर, प्रस्तावित चाळीस, म्हणजे आता पऱ्हाटी दळायची गरज नव्हती, कोयत्याने तोडली की झाले. ब्लोअर एक, प्रस्तावित चाळीस. ठोका देणारा इसम एक, प्रस्तावित पदे चाळीस. ठोका देण्याची पट्टी तीस सेंटिमीटर, प्रस्तावित बारा मीटर, बांबूची.

शेखर तडक ताथोड साहेबांकडे गेला. “साहेब, गिट्टी हवेनं उचलली जात नाही.”

“म्हणून तर ब्लोअर चाळीस घेतले.”

“रुंदी चाळीसपट झाली की तोंडाचं क्षेत्रफळ सोळाशेपट होते, साहेब. चाळीस ब्लोअर नुसती फुंकर घालतील.”

“सोळाशे कुठून आले?” ताथोड साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर खरेखुरे दुःख होते. “मंजुरी चाळीसची आहे, सर. आणि दाणा तेवढाच ठेवून बाकीचं मोठं केलं तर उद्या कोणी म्हणेल, वाळूवर अन्याय झाला. तुमची हरकत असेल तर लेखी द्या. आज पाच वाजेपर्यंत वेळ आहे. मी स्वतः पुढे पाठवतो.”

हे ते मनापासून म्हणाले, आणि त्यांनी खरोखर पाठवलीही असती. शेखरने बाहेरच्या बाकावर बसून तीन ओळी लिहिल्या. वाळूचा दाणा मोठा करू नये. जाळीची भोके मोठी करू नयेत. आधी मध्यम भांडे करून पाहावे. सही केली, तारीख घातली. तेवढ्यात फोन वाजला. महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेचे सचिव गजेंद्रभाऊ काळमेघ बोलत होते.

“गावंडे सर, कुठं हा? अकोल्याले? बरं झालं. आयका. तुमाले कायम करून राहिलो आमी. एवढ्या मोठ्या प्रकल्पाचा जनक तासिकेवरचा असला तं लोकं संस्थेले हसतीन. फाईल माह्या टेबलावर हाये. प्रकल्प चालू झाल्याचं प्रमाणपत्र आलं का सही झालीच समजा.”

“भाऊ, पण मापं चुकून राहिली—”

“मापाचं पाहून घेतीन ना थे. तुमी कायले हरकत-बिरकत घ्याच्या भानगडीत पडता? अकरा वर्षं झाले ना तुमाले?”

अकरा वर्षे झाली होती. शेखरने कागदाची चौघडी केली. पावणेपाचला तो आवक खिडकीपाशी उभा राहिला. हर्षा मॅडमने नोंदवही उघडून पेन हातात घेतले होते.

“काही द्यायचं हाये का, सर?”

त्याचा हात शर्टाच्या खिशापर्यंत गेला. “नाही,” तो म्हणाला. “सहज आलो होतो.”

हर्षा मॅडमने तेच लिहून घेतले.

यानंतर काम झपाट्याने झाले, हे मान्य करायला हवे. बोरखेडीच्या गावठाणात चाळीस मीटर उंच लोखंडी रिॲक्टर उभा राहिला. काचेऐवजी लोखंड आल्याने आत काय चालले आहे हे बाहेरून दिसण्याची सोय उरली नाही, आणि त्यामुळे देखरेखीचे काम पुष्कळ हलके झाले. पातूरच्या खदानीतून टिप्परने ‘वाळू’ आली. गावच्या पोरांनी रिॲक्टरपुढे रील काढल्या. ग्रामसभेने ठराव केला की यंदाची सगळी पऱ्हाटी प्रकल्पाला द्यायची, आणि सर्वांत आधी दुर्गाबाईंनी आपल्या अंगणातली गंजी दिली. वर्षभराचे सरपण होते ते. शेजारणीने विचारले, “दुर्गाबाई, वर्सभर काय जाळसान?” तेव्हा त्या म्हणाल्या, “माह्या पोराची मशीन हाये ते. आता कायले लागते सरपन?” आणि दुसऱ्या दिवसापासून गोवऱ्यांवर स्वयंपाक करू लागल्या. गोवऱ्यांचा धूर पऱ्हाटीपेक्षा जास्त होतो.

ठोका देणाऱ्यांची चाळीस पदे मंजूर झाली, त्यांपैकी एकोणचाळीस रिक्त राहिली. चाळिसाव्यावर देवमनला अमरावतीहून प्रतिनियुक्तीवर आणले. तो रोज सकाळी चाळीस बांबूंजवळ खुर्ची टाकून बसे. चाचणीच्या दिवशी चाळीस ब्लोअर एकदम सुरू झाले. शेखरने तपासणीच्या झरोक्यातून आत टॉर्च मारला. आठ मीटर उंच गिट्टी जिथल्या तिथे होती. वरच्या थरावरची धूळ तेवढी थोडी हलली.

“सर, हे उकळीन का?” देवमनने विचारले.

“नाही उकळणार, देवमन.”

“मंग साह्यबाले सांगा ना.”

“सांगतो,” शेखर म्हणाला. खिशातला कागद आता घडीवर फाटायला आला होता. शर्ट बदलला की तो कागद काढून नव्या शर्टाच्या खिशात ठेवायचा, रोज, न चुकता. का ठेवतो हे त्याला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते.

चाचणीच्या अहवालात ‘यंत्र स्थिर असल्याचे आढळले’ असे नमूद झाले. वाक्य खरेच होते.

आत एवढी उंच गिट्टी असताना पऱ्हाटी टाकायची कुठे, हा प्रश्न ठेकेदाराने सोडवला. खालचे दार उघडून त्याने बरीचशी गिट्टी बाहेर ओढली आणि गावच्या रस्त्यावर पसरली. आत गुडघाभर उरली. मापे चाळीसपट मंजूर असली तरी वाळू किती उंच भरायची हे अनुसूचीत नव्हते, त्यामुळे त्यावर कोणी काही बोलले नाही. उद्घाटनाची तारीख लागली. मुंबईहून पाहुणे येणार, आणि वऱ्हाडात पाहुणे येणार म्हटल्यावर रोडगे होणार. रोडगे म्हणजे निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. गावातल्या बायांनी पहाटेपासून कणीक मळली. मग लक्षात आले की तीन दिवसांच्या अवकाळी पावसाने गावातली गोवरी न गोवरी भिजली आहे, आणि पऱ्हाटी तर सगळी प्रकल्पाच्या शेडमध्ये, कोरडी ठणठणीत.

“शेडमधली पऱ्हाटी बाहेर नेता येणार नाही,” ताथोड साहेबांनी नियम सांगितला. “तिचा वापर यंत्रातच झाला पाहिजे.”

दुर्गाबाईंनी रिॲक्टरच्या उघड्या दारातून आत पाहिले. गुडघाभर गिट्टी, चार मीटरचा गोल, खालून हवा, वर धुराला वाट. पन्नास वर्षे चुलीपुढे काढलेल्या बाईला आणखी काय सांगायचे असते? “मंग यंत्रातच करू,” त्या म्हणाल्या, आणि पदर खोचला.

देवमनने बोटाबोटाच्या तोडलेल्या काड्या आत ओतल्या. पेटवायला कागद हवा होता. दारात अधिकारी पुष्कळ होते आणि प्रत्येकाच्या हातात कागद होते, पण मूळ प्रत देता येत नव्हती आणि दुय्यम प्रत अभिलेखासाठी होती.

“कागुद हाये का रे कोनाजोळ?” आतून दुर्गाबाईंचा आवाज आला. पाठोपाठ खोकला आला.

शेखर पुढे झाला. त्याने खिशातून चौघडी काढून आईच्या हातात दिली.

“कामाचा नाई ना?” त्यांनी विचारले.

“नाही, माय. त्याची मुदत संपली.”

तीन ओळी पहिल्यांदा पेटल्या. मग पऱ्हाटी. चाळीस ब्लोअरची फुंकर या कामाला अगदी बेताची होती. गिट्टी लालबुंद तापली आणि चाळीस मीटरवरून धूर निघाला तो पातूरपर्यंत दिसला. निखारे बसल्यावर बायांनी बारा मीटरच्या बांबूंनी रोडगे आत सरकवले आणि त्याच बांबूंनी ठोके देत फिरवले. बांबू वापरात आल्याची नोंद देवमनने ताबडतोब केली. सहाशे माणसे जेवली. एकही रोडगा कच्चा नव्हता. मुंबईचे पाहुणे तिसऱ्यांदा तूप घेताना म्हणाले की प्रयोगशाळेतले संशोधन तळागाळात पोहोचते म्हणजे काय, ते आज समजले.

ताथोड साहेबांनी पंगतीतच प्रमाणपत्र सहीसाठी पुढे केले. ‘सदर यंत्र चाळीसपट प्रमाणात उभारण्यात आले असून स्थानिक पऱ्हाटीपासून त्यात निर्माण होणारी ऊर्जा ग्रामीण महिलांकडून स्वयंपाकासाठी वापरली जात आहे.’ शेखरने ते दोनदा वाचले. चूक काढायला एक शब्द सापडला नाही. त्याला शरम वाटली. ती त्याने सहीच्या आधीही अनुभवली आणि नंतरही. सही मात्र सरळ आली.

पाहुणे गेल्यावर दुर्गाबाई दारापाशी बसल्या होत्या. चेहरा काजळीने काळा, डोळे लाल.

“शेखर, मले एक सांग,” त्या म्हणाल्या. “हे चूलच झाली ना बापा? मोठी झाली, पन चूलच हाये. मंग माही गंजी काहून नेली होती?”

शेखर त्यांच्याशेजारी टेकला.

“आन् गॅस कवा येते?”

तो पाण्याचा तांब्या आणायला उठला. आणून दिला, तोवर त्या उत्तराची वाट पाहत होत्या. नंतर त्यांनी ती सोडून दिली आणि पाणी प्यायल्या.

कायम नेमणुकीचा आदेश महिन्याभरात आला. त्याच आठवड्यात खोली क्रमांक सातमधली काचेची नळी, मोठे यंत्र कार्यान्वित झाल्यामुळे अनावश्यक ठरवून, भंगारात काढण्यात आली. हरकत मागवली होती. कोणाची आली नाही. नळीपुढची लाकडी पट्टी देवमनने घरी नेली. बोरखेडीत आता लग्नकार्याला रिॲक्टर आगाऊ सांगून ठेवावा लागतो. रोजच्या स्वयंपाकासाठी तो फार मोठा पडतो, म्हणून दुर्गाबाई गोवऱ्या थापतात.

हा यशस्वी नमुना राज्यात सर्वत्र राबवण्याचे आता ठरले आहे. प्रत्येक ठिकाणी मूळ बोरखेडीच्या यंत्रावरून सर्व मापे चाळीसपट घेतली जातील. रुंदी एकशे साठ मीटर असल्यामुळे वस्त्यांमधली मोकळी मैदाने, शाळांची पटांगणे आणि आवश्यक तेथे काही घरे निश्चित केली आहेत. घरांची यादी, क्रमांकासह, जाहीर सूचनेला जोडलेली आहे.

ती सूचना आपल्याही गावच्या कार्यालयात लावलेली आहे, वॉटर कूलरच्या मागे. मागच्या पंधरवड्यात आपण कसल्याशा दाखल्यासाठी तिथे गेला होता, पेलाभर थंड पाणीही प्यायला होता. खिडकीतल्या बाईंनी पेन हातात घेऊन आपल्याला विचारले होते, ‘काही द्यायचं आहे का?’ त्यावर आपण काय म्हणालात ते नोंदवहीत आपल्या नावापुढे लिहिलेले आहे. मुदत आज पाच वाजता संपली. तेव्हा आपण ही गोष्ट वाचत होता आणि हसत होता, असे कळते.